अफझलखानाचा वध आणि १८९७ चा खटला

शिवछत्रपतींचे नाव आज ज्या निःशंकपणे शाळेत, सभेत आणि सरकारी समारंभात उच्चारले जाते, तो निःशंकपणा फार जुना नाही. एक काळ असा होता की, या राजाचा उत्सव करणे म्हणजे सरकारच्या रोषास आमंत्रण देणे होते. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली झालेला अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य, या प्रश्नावर पुण्याच्या एका देवळात बोललेल्या काही वाक्यांचा जाब मुंबईच्या हायकोर्टात द्यावा लागला. वधास तेव्हा २३८ वर्षे लोटली होती. मारणारा आणि मरणारा यांपैकी कोणाचेही राज्य शिल्लक नव्हते. तरीही त्या जुन्या प्रश्नाने चालू राज्याचे आसन हालले, निदान राज्यकर्त्यांना ते हालल्याचा भास झाला. या भासाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

शिवाजीमहाराजांविषयी दोन निरनिराळे इतिहास महाराष्ट्रात दीर्घकाळ एकमेकांशेजारी नांदत होते. एक लोकांच्या कंठात होता. गोंधळी आणि शाहीर तो गात. अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधावरील पोवाडा हा त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांस ठाऊक असलेला. बखरीही याच बाजूच्या. खानाने भेटीच्या वेळी राजांची मान काखेत दाबून प्रथम वार केला आणि मग राजांनी आपला हात चालविला, असे सभासद सांगतो. दुसरा इतिहास साताऱ्यास राहून गेलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अंमलदाराने लिहिला आणि १८२६ साली लंडनमध्ये छापविला. त्याच्या कथनात पहिला वार शिवाजीचा, आणि तो विश्वासघाताचा. या ग्रंथाचे मराठी भाषांतर झाले आणि ते शाळांत चालू लागले. तेव्हा मराठी मुलगा रात्री जत्रेत जे ऐकून येई, ते सकाळी पंतोजी खोडून काढी, अशी स्थिती झाली. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७ च्या सुमारास डफच्या ग्रंथावर टीका लिहून त्याच्या प्रामाण्याला पहिला धक्का दिला. परंतु तो वाद विद्वानांचा होता. विद्वानांचे वाद पुस्तकांच्या कपाटाबाहेर पडत नाहीत तोपर्यंत सरकार त्यांकडे कौतुकानेच पाहते.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला आणि शेतकऱ्यांचा, कुणब्यांचा राजा म्हणून त्यांस पुढे आणले. त्या पोवाड्यावर अँग्लोइंडियन पत्रांनी काहूर उठविल्याचे दिसत नाही. फुल्यांचा रोख राज्यकर्त्या इंग्रजांकडे नव्हता, घरातील वरिष्ठ वर्गाकडे होता, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, त्या पोवाड्याभोवती वर्षावर्षाला हजारोंचा समुदाय जमत नव्हता. राजा एकच, परंतु त्याला कोण जवळ करतो आणि कोणासमोर करतो, यावर त्याची भयानकता ठरत असे.

रायगडावरील समाधीची दुर्दशा प्रथम एका इंग्रजानेच चव्हाट्यावर मांडली. जेम्स डग्लस याने १८८३ साली मुंबईविषयीच्या आपल्या पुस्तकात तिची केविलवाणी स्थिती वर्णन केली, आणि ज्या राजाच्या नावावर एवढी संस्थाने आणि इनामे चालली त्याच्या समाधीची कोणास आठवण नाही, असा टोला हाणला. तो वर्मी लागला. पुण्यास हिराबागेत सभा झाली, सरकारकडे अर्ज गेला, आणि लॉर्ड रे यांच्या सरकारने समाधीच्या व्यवस्थेसाठी सालीना पाच रुपये मंजूर केले. पाच रुपये! इतक्या स्वस्तात राजभक्ती आणि पूर्वजभक्ती या दोहोंचे समाधान होईल अशी सरकारची अपेक्षा असावी. पुढे दहा वर्षे काही झाले नाही. १८९५ च्या उन्हाळ्यात टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय पुन्हा उचलला, आणि या वेळी संस्थानिकांकडे न पाहता सामान्य माणसाकडून चार चार आण्यांची वर्गणी मागितली. लहान लहान रकमांतून काही महिन्यांतच हजारोंचा फंड उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी शिवस्मारकाच्या सभेत बोलले. १८९६ च्या एप्रिलमध्ये खुद्द रायगडावर पहिला उत्सव झाला.

येथवर सारे सुरळीत होते असे म्हणता येत नाही. १८९३ साली मुंबईस हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा होऊन गेला होता. पुढच्याच वर्षी गणपतीचा उत्सव सार्वजनिक स्वरूपात थाटाने सुरू झाला आणि लगेच हा शिवाजीचा. मुंबईच्या आणि अलाहाबादच्या इंग्रजी पत्रांना यांत एक सूत्र दिसू लागले. हा उत्सव मुसलमानांविरुद्ध आहे, असे ती एका श्वासात म्हणत. आणि तो मुसलमानांविरुद्ध नसून आपल्याविरुद्ध आहे, अशी भीती दुसऱ्या श्वासात व्यक्त करीत. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे कसे असतील, हे त्यांनी सांगितले नाही. मात्र त्या आरोपांत तथ्याचा अंशही नव्हता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अफझलखानाचा वध हा विषय व्यासपीठावरून रंगविला जात असता तो ऐकणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार उत्सवाच्या चालकांनी त्या वर्षांत पुरेसा केलेला आढळत नाही. टिळकांनी पुढे तो केला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

१८९७ साल उजाडले ते दुष्काळ आणि प्लेग घेऊन. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या कमिटीकडे गेला. गोरे सोल्जर घराघरांतून शिरून रोगी शोधीत, माणसांना इस्पितळात आणि सेग्रिगेशनच्या छावणीत नेत, सामान रस्त्यावर काढून जाळीत. देवघरे आणि स्वयंपाकघरे यांचाही विधिनिषेध राहिला नाही. रोग खरा होता, बंदोबस्तही आवश्यक होता. पण ज्या रीतीने तो झाला तिने शहराचे मन करपून गेले. प्लेगमुळे वसंत ऋतूतील उत्सव लांबणीवर पडला, आणि रोग ओसरल्यावर राज्याभिषेकाच्या तिथीस जोडून जूनमध्ये करण्याचे ठरले.

१२ जूनच्या सायंकाळी विठ्ठलमंदिरात सभा भरली. टिळक अध्यक्ष होते. मुख्य व्याख्यान फर्ग्युसन कॉलेजचे प्रोफेसर भानू यांचे, विषय अफझलखानाचा वध. प्रोफेसर जिनसीवाले यांचेही भाषण झाले. आधीच्या काही वर्षांत या प्रकरणाची नवी छाननी झाली होती. करकारिया या पारशी अभ्यासकाने मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे प्रतापगडाविषयी निबंध वाचून डफच्या आरोपाचे खंडन केले होते. भानूंचे विवेचनही त्याच दिशेने गेले. खानाच्या मनात दगा होता, राजांनी आत्मरक्षण केले, असा हा पक्ष. आणि तो कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखा नव्हता. आत्मरक्षण पीनल कोडालाही मान्य होते.

अध्यक्षांनी मात्र समारोपात वादाची जमीनच बदलली. पहिला वार कोणाचा हे शोधीत बसण्याचे कारण नाही, असे टिळक म्हणाले. राजांनीच आधी बेत करून खानाला मारले असे क्षणभर गृहीत धरू. मग ते कृत्य चांगले की वाईट? याचा निवाडा पीनल कोडाने होत नाही, मनु-याज्ञवल्क्यांच्या स्मृतींनीही होत नाही. समाजाला बांधणारे नियम तुमच्याआमच्यासाठी आहेत. थोर पुरुष त्यांच्या पलीकडे असतो. फळाची वासना न ठेवता, लोकहितासाठी केलेल्या कर्माचा लेप लागत नाही, असे गीता सांगते. घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलण्याचे बळ मनगटात नसेल, तर त्यांना कोंडून जाळण्यास कोणी कचरत नाही. हिंदुस्थानचे राज्य म्लेच्छांना ईश्वराने ताम्रपटावर लिहून दिलेले नाही. अशा आशयाचे ते भाषण होते.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता टिळकांनी येथे हातचा भक्कम किल्ला सोडून मैदानात उडी घेतली, असे म्हणावे लागते. शिवाजीराजे निर्दोष होते एवढे सिद्ध करणे त्यांस अपुरे वाटले. दोष मानला तरी राजे मोठेच, हे त्यांस सांगावयाचे होते. गीतेच्या कर्मयोगाचा जो विचार पुढे मंडालेच्या तुरुंगात ग्रंथरूपाने प्रकट झाला, त्याची ही एक पूर्वखूण म्हणता येईल. परंतु प्लेगने पोळलेल्या शहरात, ज्या महिन्यात विक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा व्हावयाचा त्याच महिन्यात, हा तत्त्वविचार कोणाच्या कानी कसा पडेल, हे ठरविणे वक्त्याच्या हाती राहिले नाही.

१५ जूनच्या ‘केसरी’त सभेची हकीकत आली. त्याच अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविताही होती. निद्रेतून जागे झालेले महाराज आपल्या देशाची अवकळा पाहून हळहळतात, अशी तिची कल्पना. दारिद्र्य, दुष्काळ, गोवध, आगगाडीत स्त्रियांची विटंबना, असे एकेक दुःख त्यांच्या मुखी घातले होते. अंक निघून फार दिवस झाले नाहीत तोच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘जस्टिस’ या टोपणनावाखाली एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात या मजकुरातील निवडक उतारे इंग्रजीत देऊन, कायदेकौन्सिलाचा सभासद असलेल्या गृहस्थाच्या पत्रात हे काय चालले आहे, असा सवाल केला होता. टिळक तेव्हा मुंबई कायदेकौन्सिलात निवडून आलेले सभासद होते, आणि हीच गोष्ट इंग्रजी पत्रांना सर्वांत अधिक झोंबत होती.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या बंगल्यावरून महोत्सवाची मेजवानी आटोपून परतत असता रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच गेले; रँड ३ जुलैला इस्पितळात वारले.

‘केसरी’चा अंक आणि गोळीबार यांत सात दिवसांचे अंतर. एवढ्या अंतरावर अँग्लोइंडियन पत्रांनी आपली सगळी इमारत उभारली. आधी घडले ते कारण आणि मागून घडले ते कार्य, हा तर्क कोणत्याही पाठशाळेत टिकला नसता. वर्तमानपत्रात तो उत्तम टिकला. पुणे हे ब्राह्मणांच्या कटाचे आगर ठरले, शिवाजीउत्सव ही त्या कटाची शाळा ठरली, देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधा अशी ओरड मुंबईपासून लंडनपर्यंत सुरू झाली. शहरावर जादा पोलीस बसविण्यात आले. टिळकांनी ६ जुलैस ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि पुढच्या आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ असे अग्रलेख लिहिले. त्या मथळ्यांनी तेल ओतले. २७ जुलैच्या रात्री मुंबईस त्यांना अटक झाली. नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचूनच अटकेत टाकले. विलायतेत प्लेगमधील सोल्जरांच्या वर्तनाविषयी बोललेल्या गोखल्यांना, पुरावा देणारे मागे सरल्यामुळे, परत येताच बिनशर्त माफी मागावी लागली. त्या मोसमात बोललेल्या शब्दाची किंमत ज्याची त्याला भरावी लागत होती.

खटल्यातील काही योगायोग मौजेचे आहेत. जो उत्सव मुसलमानांच्या द्वेषावर उभा आहे असे सांगितले जात होते, त्याच्या पुरस्कर्त्याला आधी नाकारलेला जामीन ४ ऑगस्टला दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांनी. जामिनासाठी भांडणारे बॅरिस्टर दिनशा दावर. हेच दावर अकरा वर्षांनी न्यायासनावर बसून टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणार होते. बचावाचा निधी बंगालमध्येही गोळा झाला, त्यात रवींद्रनाथ ठाकुरांचे साह्य होते, आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर पाठविण्यात आला. महाराष्ट्रापुरता असलेला शिवाजी बंगाल्यास आपला वाटू लागला, त्याचे श्रेय काही अंशी फिर्यादी सरकारलाच द्यावे लागेल.

८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे काम सुरू झाले. रँडच्या खुनाशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोप सरकारने ठेवलाच नव्हता. आरोप फक्त पीनल कोडाच्या १२४-अ कलमाखाली, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न केल्याचा. पण खून कोणाच्या मनातून निघाला होता? कोर्टात जे पुढे आले ते सारे शब्दांचे युद्ध होते. मराठी लेख, त्यांची सरकारी भाषांतरे, आणि ती भाषांतरे वाचणारी मराठीचा गंध नसलेली बहुसंख्य ज्युरी. म्लेच्छ म्हणजे कोण? सतराव्या शतकातील आदिलशहा आणि मोगल, की एकोणिसाव्या शतकातील साहेब? घरात शिरलेले चोर कोणते? मराठी वाचकाला शब्दाभोवतीचे वलय दिसते, त्याचा विनोद आणि त्याचा अलंकार कळतो. भाषांतरात उरतो तो नुसता सांगाडा. बचावाचे म्हणणे असे की, हा ऐतिहासिक वाद आहे, तो वर्षानुवर्षे विद्वानांत चालला आहे, त्यात इंग्रजही पडले आहेत. फिर्यादीचे म्हणणे असे की, इतिहास हा बुरखा आहे आणि बोट आजच्या राज्याकडे आहे.

निष्पक्षपणे पाहिले तर दोन्ही म्हणण्यांत खरेपणा होता. मृत राजाचा गौरव करताना टिळकांच्या मनात जिवंत पारतंत्र्य नव्हते, असे त्यांचा कट्टर भक्तही म्हणणार नाही. परंतु एखाद्या राजाचे मोठेपण सांगणे आणि एखाद्या अंमलदाराला मारण्यास सांगणे यांत जे अंतर आहे ते न्यायालयाने राखावयाचे असते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ते अंतर पुसून टाकले. डिसअफेक्शन म्हणजे केवळ अफेक्शनचा, म्हणजे प्रीतीचा, अभाव, अशी व्याख्या त्यांनी ज्युरीस सांगितली. द्वेष, शत्रुत्व, तिरस्कार, सर्व प्रकारची वाईट भावना तिच्यात आली. या मापाने मोजावयाचे तर ज्या गृहस्थाचा संसार सोल्जरांनी रस्त्यावर आणून जाळला, त्याने मनातून सरकारवर प्रेम केले नाही एवढ्यावरूनच तो राजद्रोही ठरता. १४ सप्टेंबरला नऊ ज्युररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्युररांनी निर्दोष. बहुमत मान्य करून न्यायमूर्तींनी अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली. छापखान्याचे मुद्रक सुटले.

माफी मागितली असती तर प्रकरण मिटले असते, असा सल्ला स्नेह्यांनी दिला होता. टिळकांनी तो मानला नाही. लोकांतील आपले स्थान आपल्या शीलावर अवलंबून आहे, ते एकदा गेले की महाराष्ट्रात राहणे आणि अंदमानात राहणे सारखेच, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. प्रिव्ही कौन्सिलात आस्क्विथ यांनी त्यांच्या बाजूने अपिलाची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मॅक्समुल्लर, हंटर, दादाभाई यांसारख्यांच्या अर्जामुळे ६ सप्टेंबर १८९८ ला त्यांची मुदतीआधी सुटका झाली. त्याच वर्षी कायदेमंडळाने १२४-अ कलमाची भाषा बदलली आणि वर्गावर्गांत वैर वाढविण्याबद्दलचे १५३-अ हे नवे कलम घातले. पुण्याच्या एका देवळातील चार-दोन भाषणांनी हिंदुस्थानच्या पीनल कोडात इतकी भर घातली.

खून करणाऱ्या चाफेकर बंधूंचे उत्सवाविषयीचे मत काय होते, हे पाहण्याचे कष्ट त्या वेळी इंग्रजी पत्रांनी घेतले नाहीत. त्यांच्या श्लोकांत शिवाजीची कथा भाटासारखी नुसती गाणाऱ्यांची हेटाळणी आहे. व्यासपीठावरील गौरवाने ते पेटले नव्हते; तो गौरव त्यांना मिळमिळीत वाटत होता. १८९९ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टिळकांचा खुनाशी संबंध सुचविणारा मजकूर पुन्हा छापला, तेव्हा मात्र टिळकांनी त्या पत्राला क्षमा मागावयास लाविले.

उत्सव मेला नाही. बंगालमध्ये तो सुरू झाला आणि १९०६ साली टिळक स्वतः कलकत्त्याच्या उत्सवास गेले. त्याच महिन्यात ‘मराठा’ पत्रात त्यांनी शिवाजी हा राष्ट्रीय वीर नव्हे काय, या प्रश्नाची चर्चा केली आणि हा उत्सव मुसलमानांना हिणविण्यासाठी नाही, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. त्या काळात हिंदू आणि मुसलमान विरुद्ध होते, आज दोघेही एकाच स्थितीत आहेत. पुढचा पुढारी कोणत्याही धर्माचा निपजू शकेल, आणि अकबरासारख्याचाही उत्सव करण्यास हरकत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. १८९७ च्या भाषणात ही बाजू आली असती तर शिक्षा टळती असे नव्हे, पण इंग्रजी पत्रांच्या हातचे एक शस्त्र तरी गेले असते.

जुना आरोप मात्र पिच्छा सोडीना. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली आपल्या पुस्तकात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले आणि शिवाजीउत्सव व खून यांची तीच जुनी सांगड पुन्हा घातली. १९१८ च्या रौलट कमिटीचा अहवालही महाराष्ट्रातील उत्सवांपासूनच आरंभ करतो. टिळकांनी चिरोलवर लंडनमध्ये अब्रूची फिर्याद लावली. १९१९ च्या आरंभी सर एडवर्ड कार्सन यांनी बावीस वर्षांपूर्वीचे ‘केसरी’चे अंक काढून त्यांची उलटतपासणी घेतली. टिळक दावा हरले, कर्जात बुडाले, आणि ते कर्ज लोकांनी वर्गणी करून फेडले.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य वारले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९२१ ला, पुण्यास शिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्या स्मारकासाठी खटपट केली होती. राजनिष्ठ संस्थानिक, लष्करी अंमलदार आणि ब्राह्मणेतर पुढारी समारंभास उपस्थित होते. कोनशिला बसविली विक्टोरिया राणीच्या पणतवाने, प्रिन्स ऑफ वेल्सने. करमरकरांनी घडविलेल्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १९२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले. त्या दिवशी अफझलखानाविषयी कोणी काही विचारले नाही.